खुर्चीबरोबर मिळालेला बाक

शनिवारी सकाळी शाळा बघायला येणाऱ्या आईबापांना माझी मावशी उलटी चालत शाळा दाखवते. तोंड त्यांच्याकडे, पाठ व्हरांड्याकडे. कुठे पायरी आहे, कुठे कुंडी आहे, कुठल्या दाराचा कोपरा बाहेर आलाय, हे सगळं तिच्या पाठीला माहीत. पालकांना पाठ दाखवायची नाही, असं तिला अगदी सुरुवातीला कुणीतरी सांगितलं होतं. मावशीनं ते इतकं मनावर घेतलं की आता ती दुकानदाराला पैसे दिल्यावरही दोन पावलं मागे सरकते आणि मग वळते. आम्ही हसतो. ती म्हणते, "हसा, हसा. गुडघे तुमचे नाहीत ना."

मावशी घड्याळवाल्या शाळेत फ्रंट डेस्कवर बसते. शहरात मोठ्या लोकांच्या दोन शाळा. एक ही, दर्शनी मनोऱ्यावर घड्याळ असलेली, आणि दुसरी तलावाजवळची. पोरगं चालायला लागलं की आईबाप या दोन शाळांच्या मध्ये येरझाऱ्या घालायला लागतात. मावशीच्या खुर्चीसमोर एक लांब राखी सोफा आहे. इतका मऊ, की बसलेला माणूस आत जातो आणि उठताना शेजारच्याचा खांदा धरतो. त्या सोफ्यावर बसून लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलतात. मावशी मान खाली घालून टाइप करत असते, म्हणजे तिला ऐकू येत नाही असा त्यांचा समज.

"तलावाजवळच्या शाळेत म्हणे मुलं शिक्षकांना नावानं हाक मारतात."

"नावानं? म्हणजे नुसतं नाव?"

"नुसतं. त्यांचं कल्चर आहे ते."

"उद्या बापाला नावानं हाक मारली की कळेल कल्चर."

"अहो, पण कॉन्फिडन्स बघा ना त्या पोरांचा!"

"आमच्या शेजारची जाते तिकडं. कॉन्फिडन्स आहे. बाकी काही नाही."

किंवा हे:

"इथली मुलं कशी, साधी वाटतात."

"साधी म्हणजे?"

"म्हणजे श्रीमंतच, पण साधी."

"हां, मग ठीक आहे."

मावशी हे घरी येऊन आवाज काढून सांगते तेव्हा आमची हसून पुरेवाट होते. तिला स्वतःला आताशा हसू येत नाही. पाय गरम पाण्यात सोडून ती डोळे मिटते. "शाळा बघतच नाहीत गं ती," ती म्हणते. "एकमेकांचे बूट बघतात. आणि मला विचारतात, इथलं क्राउड कसं आहे. मी म्हणते, छान आहे. गेली कित्येक वर्षं छानच आहे."

ही नोकरी मावशीनं पगारासाठी धरली नव्हती. मावशीचे यजमान रात्रपाळी करायचे आणि तब्येतीनं खचत चालले होते, तेव्हा तिच्या कानावर आलं की घड्याळवाल्या शाळेत काम करणाऱ्याच्या घरच्या एका वेळी एका मुलाला तिथं शिकता येतं. मुलाखत नाही, फी जवळजवळ नाही. मग काय, मावशीनं टायपिंग शिकून घेतलं, केस कापून घेतले, आरशासमोर "गुड मॉर्निंग" घोटलं आणि ती खुर्ची मिळवली. खुर्चीबरोबर वर्गात एक बाक मिळत होता. त्या बाकावर माझा मावसभाऊ, आमचा दादा, बसला.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत लायब्ररीतल्या बाईंनी मावशीला बाजूला घेतलं होतं. त्यांचीही मुलगी तिथेच होती. "एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "शाळेच्या आवारात मुलाला आई म्हणू द्यायचं नाही. मॅडम. इथं तसंच आहे. पोरांमध्ये एकदा नाव पडलं की ते सुटत नाही, आणि पालकांनाही नाही आवडत."

मावशीनं त्याच संध्याकाळी दादाला समोर बसवून शिकवलं. दादा गुणी. त्यानं एकदाही चूक केली नाही. रोज सकाळी मोठ्या दारातून आत यायचं, सोफ्याला वळसा घालायचा, "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायचं आणि जिना चढायचा. शाळा संपेपर्यंत हेच. पुढं मावशीनंही तिथं लागलेल्या नव्या बायकांना हेच बाजूला घेऊन सांगितलं. हिशेबाच्या खोलीतल्या मुलीला, नर्सला, तबलेवाल्या सरांच्या बायकोला. "एक सांगून ठेवते..."

दादा आता पुलांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. त्याचं घर वेगळं, मावशी तिथं येऊन-जाऊन असते. मीटिंगमध्ये बोलतो म्हणे, घरी बोलत नाही. मावशीला तो "अगं" म्हणतो. "अगं, ऐक." "अगं, येतो मी." बायकोलाही "अगं"च म्हणतो, त्यामुळे त्यानं "अगं" म्हटलं की घरातल्या दोघीही वळून बघतात आणि ज्या बाईशी काम नाही ती पुन्हा आपल्या कामाला लागते. मावशीला "आई" म्हणणारी त्या घरात एकच, सून.

तर वहिनीला आता तो बाक हवा होता. दादाच्या मुलीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती बसलेली कुणी पाहिलेली नाही. मावशीची निवृत्ती अजून थोडी लांब आहे आणि नातवंडालाही तो हक्क चालतो. एकदा मिळालेला बाक निवृत्तीनंतरही राहतो, पण खुर्ची मधेच सोडली तर जातो. प्रिन्सिपल बाईंना सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, एवढंच.

"हो सांगायचं, त्यात विचार कसला?" वहिनी म्हणायची. "आई, मी साध्या शाळेत शिकले. पहिल्या नोकरीत वर्षभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही मी. येत सगळं होतं. पण तिथं असे दोघं-तिघं असायचे, तुमच्या शाळेतले किंवा तलावाजवळचे. ते 'एक्स्क्यूज मी' सुद्धा असं म्हणायचे, की मी आपली बाजूलाच व्हायचे. माझ्या पोरीनं बाजूला व्हायचं नाही."

मावशी म्हणायची, "तुझं बरोबर आहे."

पण हो म्हणणं तिच्या तोंडून निघेना, आणि त्याला कारण होतं भिंगरी. वहिनीनं तिला आतापासूनच तयार करायला घेतलं होतं. "शाळेत आजीला काय म्हणायचं?"

"मॅडम!"

"शाबास!"

भिंगरीला हा खेळ इतका आवडला की तिनं तो घरीच सुरू केला. "मॅडम, माझी बाहुली बघ." "मॅडम, गोष्ट सांग." "मॅडम, शू आली!" पहिल्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. मावशीही हसली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पुरे हं." त्यानंतर मी पाहिलं, भिंगरीनं "मॅडम" म्हटलं की मावशी उत्तर देत नव्हती, आणि भिंगरीला वाटायचं की हाही खेळातलाच भाग.

मावशीनं दादाला विचारून पाहिलं. तिला एवढंच हवं होतं. हो म्हणायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की तिनं त्याला जिथं घातलं ते बरं केलं की नाही.

"तुला कशी वाटली होती रे शाळा?"

"चांगली होती."

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे चांगली." आणि तो चार्जर शोधायला गेला.

शेवटी मावशीनंच तोडगा काढला. "शनिवारी तुम्ही दोघं या. बाकीचे येतात तसे, शाळा बघायला. मी दाखवते. मग तुम्ही सांगा."

वहिनीला गंमत वाटली. "पण आई, मी तिथं तुम्हाला काय म्हणू?"

"मॅडमच म्हण. बाकीचे असतील."

त्या शनिवारी काय झालं ते मला मावशीनं, वहिनीनं आणि दादानंही थोडं थोडं सांगितलं. तिघांचं जिथं जुळतं तेवढंच लिहिते.

दादा-वहिनींबरोबर त्या दिवशी आणखी एकच जोडपं होतं. मावशीनं त्यांचं नाव "चौथ्यांदावाले" ठेवलं होतं, कारण ते चौथ्यांदा शाळा बघायला आले होते. मधल्या शनिवारी ते तलावाजवळची शाळा बघायचे. नवरा चष्म्यांच्या दुकानाचा मालक, बायको घरूनच काहीतरी सल्ला देण्याचं काम करणारी. दोघंही थकलेले दिसत होते. डोळ्यांखाली काळं.

"मॅडम, आम्ही परत आलो हं," बायको ओशाळून म्हणाली.

"या ना. छान केलंत," मावशी म्हणाली आणि उलटी चालू लागली.

मावशीची फेरी ठरलेली आहे. आधी ढालींचं कपाट, मग लायब्ररी. लायब्ररीच्या दारात ती काहीच बोलत नाही, नुसती उभी राहते. पालक आपोआप गप्प होतात, आणि आपल्या गप्प होण्यालाच शाळेची शिस्त समजतात. मग संगीताची खोली. तिथं शनिवारी गाणारी मुलं बोलावलेली असतात. मग पोहण्याचा तलाव, दुरून. खालच्या मजल्यावरची जुनी स्वच्छतागृहं या वाटेवर येत नाहीत.

दादा सगळ्यांच्या मागं होता. हात खिशात. वहिनी सांगते, "मी सारखी मागं वळून बघत होते. म्हटलं, कुठं थांबेल, काही दाखवेल, इथं माझा वर्ग होता वगैरे. काही नाही. नुसता आईंकडे बघत चालला होता. त्या उलट्या चालताहेत ना, म्हणजे तोंड आमच्याकडेच. दोघंही एकमेकांकडे बघत होती, आणि ओळख दाखवत नव्हती. मला कसंतरीच व्हायला लागलं."

संगीताच्या खोलीबाहेर चौथ्यांदावालीनं मावशीला हळूच गाठलं.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका हं."

"विचारा ना."

"इथं म्हणे स्टाफची मुलंही असतात. म्हणजे आमचं काही नाही. उलट चांगलंच आहे ते."

"चांगलंच आहे," नवऱ्यानं री ओढली.

"फक्त... तलावाजवळच्या शाळेत नसतात ना. तिथं सगळं कसं एकसारखं आहे. इथं मग ती मुलं वेगळी पडतात का? ओळखू येतात का?"

वहिनीनं दचकून दादाकडे पाहिलं. मावशीनं नाही. मावशीनं हा प्रश्न अनेकदा ऐकलेला होता, आणि तिचं उत्तर तयार होतं. हसऱ्या, सपाट, फ्रंट डेस्कच्या आवाजात ती म्हणाली, "नाही. ओळखू येत नाहीत."

"नाही ना?" बायकोचा जीव भांड्यात पडला. मग तिचं लक्ष मागं गेलं. "आणि तुम्ही? तुम्हीही पहिल्यांदाच बघताय?"

"मी इथलाच," दादा म्हणाला. "इथंच शिकलोय."

चौथ्यांदावाल्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. "अरे वा! अहो, मग तुम्ही आधी का नाही बोललात? सांगा ना, खरं खरं सांगा. मॅडमसमोर संकोच करू नका!"

आणि आमचा दादा, जो घरी चार्जर शोधत फिरतो, तो बोलायला लागला. शाळा उत्तम आहे. शिक्षक घरी फोन करून चौकशी करतात. लायब्ररीत हवं तितकं बसू देतात. इथून निघालेला मुलगा कुठंही गेला तरी बिचकत नाही. बोलताना तो योग्य जागी थांबत होता, मान किंचित कलती करत होता. वहिनीला आधी बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की हे सगळं तिनं आत्ताच, थोड्या वेळापूर्वी, ढालींच्या कपाटापाशी मावशीच्या तोंडून ऐकलं होतं. शब्द तेच. थांबायच्या जागा त्याच. हसू तेच.

"आणि स्टाफची मुलं?" नवऱ्यानं विचारलं.

"ओळखू येत नाहीत," दादा म्हणाला. "मी इथं होतो तोवर एकही ओळखू आलं नाही."

फेरी संपली. दादानं मोठ्या दाराशी मावशीला हात जोडले. "थँक यू, मॅडम." चौथ्यांदावाले समोरच होते. तेही म्हणाले, "थँक यू, मॅडम," आणि बायकोनं पुढं जोडलं, "आता आमचं ठरलंच बघा."

मावशी तशीच प्रिन्सिपल बाईंच्या खोलीत गेली. शनिवारीही त्या असतात. वयानं तरुण, कामाला वाघीण. मावशी उभ्या उभ्याच म्हणाली, "नातीचं हो सांगायला आले होते. पण एक विचारायचं होतं. पोर लहान आहे. कधी चुकून आजी म्हणून हाक मारेल. तर तेवढं सांभाळून घ्याल का?"

"म्हणजे?" बाईंना कळेचना.

"म्हणजे, आवारात मॅडम म्हणायचं असतं ना. स्टाफच्या मुलांनी. तो नियम."

"कुठला नियम?"

मावशीनं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "असा नियम नाहीये आपल्याकडे. मी आल्यापासून तर नाहीच, आणि आधीही कधी लिहिलेला मी पाहिला नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशीला लायब्ररीतल्या बाई आठवल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं ते विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि आता त्या विचारायच्या पलीकडे गेल्या होत्या.

"बसा ना तुम्ही," प्रिन्सिपल बाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "उलट किती छान होईल हो! मुलगा इथला, नात इथली. टूरमध्ये सांगा ना पालकांना. छोटी धावत येऊन आजी म्हणून बिलगली तर बघा कसं वाटेल. कल्चर कल्चर म्हणतात ते दुसरं काय असतं?"

मावशी "हो" म्हणाली. दोन पावलं मागे सरकली आणि वळली.

दुपारी आम्ही सगळे दादाकडे जेवायला होतो. ताटं वाढून झाली होती, भिंगरी टेबलाखाली होती आणि वहिनी जोरात होती. "आई, बघितलंत ना त्या बाईला? चौथ्यांदा! आणि आपल्याला घरबसल्या मिळतंय. सांगितलंत ना हो?"

"सांगितलं," मावशी म्हणाली. पाण्याचा पेला नुसता हातात धरून. "आणि त्या म्हणाल्या, असा नियमच नाही."

"कसला?"

"मॅडम म्हणायचा. कधी नव्हताच म्हणे."

"अय्या!" वहिनी खूश. "मग प्रश्नच मिटला! भिंगे, ऐकलंस का? आजीला आजीच म्हणायचं!"

टेबलाखालून आवाज आला, "नाही, मॅडम!"

मावशी दादाकडे बघत होती. दादा भाकरीचा तुकडा मोडत होता. म्हणाला, "मला माहीत होतं."



"काय माहीत होतं?"

"नियम नाहीये ते. सातवीत असताना खेळाच्या सरांची मुलगी आली शाळेत. भर मैदानात, सगळ्यांसमोर, 'बाबा' म्हणून ओरडायची त्यांना. कुणी काही म्हटलं नाही. चार दिवस पोरं चिडवत होती, मग विसरली."

"मग तू घरी येऊन बोलला का नाहीस?"

"तू सांगितलं होतंस ना, मॅडम म्हणायचं."

"अरे, पण मला वाटलं की..."

"मला वाटलं, तुलाच तसं बरं पडतंय." तो अजिबात रागावलेला नव्हता. पुलाचं वजन कुठं पडतं ते सांगावं तसं सांगत होता. "शाळा वाईट नव्हती. खरंच चांगली होती, खोटं नाही बोललो मी सकाळी. रोज तुझ्यासमोरून जायचं, तेवढंच नको वाटायचं."

वहिनी मला डोळ्यांनी खुणावत होती, विषय बदल. पण मावशीनं पेला खाली ठेवला. "सांग. आज सांगतोयस तर सगळं सांग."

"सगळं असं काही नाही गं." त्यानं ताटातली भाकरी बाजूला सारली. "एकदा ताप होता मला. वर्गात उलटी झाली. बाईंनी खाली पाठवलं, घरी जायची चिठ्ठी घ्यायला. मी तुझ्या डेस्कपाशी आलो. सोफ्यावर लोक होते. मी म्हटलं, मॅडम, घरी जायचंय. तू विचारलंस, 'कारण?' मी म्हटलं, ताप. तू चिठ्ठी दिलीस."

"मग?"

"मग काही नाही. घरी गेलो."

"एकटा?"

"बसनं."

"मी हात लावून बघितलं नाही?"

दादा हसला. थोडंसंच. "लोक होते ना."

मावशी आठवायचा प्रयत्न करत होती, ते आम्हाला दिसत होतं. कपाळावर आठी घालून, ओठ हलवत. तिला सोफ्यावरचे लोक आठवतात. तिनं मला कित्येकदा सांगितलंय, अमक्या वर्षी एक बाई आली होती, तिच्या हातात अशी पर्स होती, ती असं म्हणाली. लोकांच्या पर्सेस, बूट, टोमणे, सगळं पाठ.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली.

"असू दे."

"नाही, मला खरंच काहीच आठवत नाही."

"असू दे म्हटलं ना. जेव."

मावशी जेवली नाही. ती वहिनीकडे वळली. "मग नको."

"काय नको?"

"भिंगरीला तिथं नको."

वहिनीनं डाव तसाच भांड्यात सोडला. "आई! आता तर नियमच नाही म्हणालात!"

"नियम नाही. सोफा आहे ना? त्यावर रोज कुणीतरी बसलेलं असतं. ही पोर येऊन समोर उभी राहील आणि मी आधी सोफ्याकडे बघीन. मला ठाऊक आहे मी बघीन. नजरेला इतक्या वर्षांचं वळण पडलंय. ते काही प्रिन्सिपल बाईंनी परवानगी दिली म्हणून जाणार नाही."

"मग खुर्ची सोडा तुम्ही!"

"सोडते की. पण खुर्ची गेली की बाकही गेला."

वहिनीचे डोळे भरून आले, पण ती रडणारी नाही, भांडणारी आहे. "म्हणजे काय? तुमचं दोघांचं काय ते जुनं, आणि भरायचं माझ्या पोरीनं? ह्यांना मिळालं. शिकले, बोलायला लागले, मोठे झाले. आता पोरीच्या वेळी मन भरून येतंय सगळ्यांना! मी बाहेरून बघितलंय, त्या शाळा नसल्या की काय होतं ते. तुम्ही नाही बघितलं."

"तुझं खरं आहे," मावशी म्हणाली.

"खरं आहे, खरं आहे! खरं असून उपयोग काय माझा?"

"अगं," दादा म्हणाला. दोघींनी वळून पाहिलं. "तलावाजवळच्या शाळेत विचारू ना. साधे पालक म्हणून."

"त्यांची तारीख गेली. मीच जाऊ दिली, आईंच्या भरवशावर." वहिनी उठली आणि भिंगरीला टेबलाखालून ओढून तोंड पुसायला घेऊन गेली. आतून भिंगरीचा ओरडा ऐकू येत होता, आणि वहिनीचं, "गप, अजिबात आवाज नको." बाहेर आम्ही तिघं. दादानं मावशीच्या ताटावर ताट झाकून ठेवलं. मग तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. मी गॅलरीतून बघत होते. दोघं रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालली होती, मावशीच्या गुडघ्यांच्या चालीनं. बस आली तशी मावशी चढली, दादा बस जाईपर्यंत उभा राहिला आणि नंतरही थोडा वेळ उभाच होता.

सोमवारी मावशीनं प्रिन्सिपल बाईंना नाही सांगितलं.

बाईंना फार आश्चर्य वाटलं. "अहो, शनिवारी तर हो म्हणालात! काय झालं? मुला-सुनेला आपली फेरी आवडली नाही का?"

"आवडली."

"मग?" बाईंनी क्षणभर विचार केला, आणि त्यांना रोजचं, ओळखीचं उत्तर सापडलं. आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "तलावाजवळच्या शाळेचं कल्चर जास्त पटलं का त्यांना? खरं सांगा, मला राग नाही येणार. आपल्याला सुधारणा करता येईल."

वहिनी दोन दिवस मावशीचा फोन उचलत नव्हती. भिंगरीला कुठं घालायचं ते ठरलं नव्हतं. दादा घराजवळच्या एका शाळेची चौकशी करून आला होता. तिचं नाव सोफ्यावर कधी कुणी काढलेलं नव्हतं.

"हो," मावशी म्हणाली. "तसंच काहीतरी म्हणाले."

एवढं सोपं उत्तर आयतं मिळाल्यावर बाकीचं कुठं सांगत बसायचं? आणि बाहेर लोक येऊन बसले होते.